मान्यताप्राप्त युनियन आणि कामगारांचा पुढारी: फरक काय?

‘आमची युनियन’ म्हणताना कामगार दोन निरनिराळ्या गोष्टी एकाच शब्दात सांगतो. करारावर सही करण्याचा हक्क जिच्याकडे आहे ती मान्यताप्राप्त युनियन, आणि ज्याच्या हाकेवर तो साचा बंद करून गेटबाहेर येतो तो पुढारी. बऱ्याच कारखान्यांत दोन्ही एकाच ठिकाणी असतात, म्हणून फरक जाणवत नाही. गिरणगावात तो जाणवला, आणि फार महागात पडला.

1946 च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कापडधंद्यात कामगारांच्या वतीने बोलायचा अधिकार एकाच ‘प्रातिनिधिक’ युनियनला दिला. मुंबईत तो राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. सभासदांची नोंद पुरेशी असली की मान्यता मिळायची. गुप्त मतदान लागत नव्हतं. कामगारांचं मन बदललं तरी मान्यता जागच्या जागी राहायची.

1981 मध्ये बोनसवरून बिनसलं, तेव्हा गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांकडे गेले. घाटकोपरला दवाखाना चालवता चालवता खाणकामगारांचे प्रश्न हाती घेतलेला हा माणूस. 18 जानेवारी 1982 ला सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. पगारवाढ आणि बदली कामगारांना (कायम कामगार गैरहजर असला तरच काम मिळणाऱ्यांना) कायम करणं या मागण्यांबरोबर हा कायदाच रद्द करा, अशीही मागणी होती. घरातली भांडी विकून, कोकणात-घाटावर गावी जाऊन लोकांनी वर्षाहून अधिक काळ कळ काढली. पण ज्यांच्यासाठी ते उपाशी राहिले, त्या सामंतांना कायद्याने वाटाघाटीत जागा नव्हती. ज्यांना जागा होती, त्यांच्यामागे कामगार नव्हते. संप पुकारायची ताकद एकाकडे, मिटवायची सही दुसऱ्याकडे. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही.

सगळा दोष कायद्यावर टाकणं मला पटत नाही. लोकांना बाहेर काढण्याइतकंच, काहीतरी पदरात पाडून त्यांना परत गिरणीतल्या आपापल्या खात्यात, म्हणजे विभागात, नेणं हेही पुढाऱ्याचंच काम असतं. तरी बोलणी करायची वाटच बंद असेल, तर कितीही मोठा पुढारी काय करणार?

मान्यतेला टक्का लागतो: कामगारांपैकी शेकडा किती जण त्या युनियनचे सभासद आहेत त्याचा. महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात तो किमान 30 होता. 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत अनेक युनियन असतील तर एकटीने बोलणी करायला 51 लागतो. पुढारीपणाला असा आकडा नाही. तो ओळखायचा असेल तर आपल्या खात्यात बघा: कुणाला कामावरून काढलं, तर माणसं आधी कुणाच्या दारात जातात?