मोटारीतील इथरनेट ट्रान्सीव्हरच्या स्किमॅटिकची तपासणी

बोर्ड फॅब्रिकेशनला देण्याआधी मोटारीतील इथरनेटच्या ट्रान्सीव्हर चिपभोवतीचे, म्हणजे ‘फाय’भोवतीचे सर्किट स्किमॅटिकवर, म्हणजे जोडणीच्या आराखड्यावर, पिनागणिक पडताळणे, ही ती तपासणी. १०० बेस-टी१ हे मानक आयईईई ८०२.३बीडब्ल्यू या नावाने २०१५ मध्ये आले. तांब्याच्या पिळलेल्या एकाच जोडीवर १५ मीटरपर्यंत, एकाच वेळी दोन्ही दिशांनी, सेकंदाला १०० मेगाबिट डेटा जातो. २०१६ चे १००० बेस-टी१ त्याच्या दहापट वेगाचे.

बेळगावच्या उद्यमबागेची ओळख फाउंड्री आणि मशीन शॉपची. त्याच उद्यमबागेत १९७९ पासूनचे गोगटे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आणि १९९८ मध्ये स्थापन झालेल्या विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालयही बेळगावचेच. खानापूर-निपाणीकडून इलेक्ट्रॉनिक्स शिकायला येणाऱ्या मराठी मुलांना महामार्गाच्या एका टोकाला पुणे, दुसऱ्या टोकाला बंगळूर. वाहन-इलेक्ट्रॉनिक्सची कामे दोन्हीकडे आहेत. म्हणून हे कौशल्य त्यांनी प्रकल्पाच्या वर्षातच हाताखालून घालावे.

सर्वाधिक वेळ स्ट्रॅप पिनांना द्यावा. रीसेट सुटताना या पिनांवर जो व्होल्टेज असेल त्यावरून चिप आपला पत्ता आणि मास्टर-स्लेव्ह भूमिका ठरवते. वायरीच्या एका टोकाला मास्टर, दुसऱ्याला स्लेव्ह हवाच. दोन्हीकडे मास्टर झाले तर लिंक येत नाही. याच पिना पुढे बहुधा आरजीएमआयआयच्या, म्हणजे फाय आणि प्रोसेसर यांच्यामधल्या जोडणीच्या, डेटासाठी वापरल्या जातात. त्यामुळे समोरच्या प्रोसेसरचा आतला पुल-अप, म्हणजे पिनेला पुरवठ्याच्या व्होल्टेजकडे खेचणारा रेझिस्टर, आपल्या रेझिस्टरने ठरवलेला व्होल्टेज बदलत नाही ना, हे प्रोसेसरच्या डेटाशीटमध्ये बघावे लागते. नुसती फायची डेटाशीट वाचणाऱ्याला हा दोष दिसतच नाही.

आरजीएमआयआयमध्ये गिगाबिट वेगाला घड्याळ १२५ मेगाहर्ट्झचे आणि डेटा त्याच्या दोन्ही कडांवर, म्हणजे प्रत्येक बिटला जेमतेम ४ नॅनोसेकंद. घड्याळाला लागणारा सुमारे २ नॅनोसेकंदांचा विलंब नेमका कोण देणार, हे स्किमॅटिकवरच लिहावे. दोघांनी दिला किंवा कोणीच दिला नाही, तर डेटा बिघडतो.

कनेक्टरच्या बाजूला कॉमन-मोड चोक (दोन्ही तारांवर सारखाच येणारा गोंगाट अडवणारी गुंडाळी), १०० नॅनोफॅरडचे दोन कपॅसिटर, आणि बहुतेक संदर्भ-सर्किटांत प्रत्येक तारेला १ किलोओहमचा रेझिस्टर असतो. कपॅसिटर केवळ डीसी अडवतात असे नव्हे. हार्नेसची, म्हणजे मोटारीतल्या वायरींच्या जुडग्याची, तार बॅटरीला चिकटली तर चिपही त्यांच्यामुळेच वाचते, म्हणून त्यांचे व्होल्टेज रेटिंग तपासून घ्यावे. दोन तारांवरचे भाग जुळते हवेत. न जुळल्यास कॉमन-मोड गोंगाट डिफरेन्शियल सिग्नलमध्ये, म्हणजे दोन तारांमधल्या फरकात, उतरतो, आणि उत्सर्जनाच्या चाचणीत बोर्ड अडकू शकतो.

क्रिस्टल, पुरवठ्याचे डिकपलिंग (पुरवठा स्थिर ठेवणारे कपॅसिटर), फायची सेटिंग वाचण्या-लिहिण्याच्या एमडीआयओ तारेचा पुल-अप हे डेटाशीटशी ताडले की झाले. एकाने डेटाशीट मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने प्रिंटवर नेट रंगवत जावे. एकट्याच्या नजरेतून सुटलेले असे सापडते. जोडीचा १०० ओहम इम्पीडन्स आणि ईएसडी डायोडची (स्थिर विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या डायोडची) कनेक्टरजवळची जागा स्किमॅटिकच्या रेषांत दिसत नाही. लेआउट करणाऱ्यासाठी या दोन्ही गोष्टी त्याच पानावर टीप म्हणून लिहून द्याव्या लागतात.