फोनचा आवाज रांगेत तुटतो

कोल्हापूरच्या शाहूपुरीत गुळाची अडत असलेल्या माझ्या मित्रानं गडहिंग्लज आणि जयसिंगपूरच्या शाखांचे फोन इंटरनेटवरून जोडून घेतले. आठवड्याभरात तक्रार आली, दुपारी आवाज तुटतो. "१०० एमबीपीएसची लाइन घेऊ का रे?" आवाज तुटला म्हणजे लाइन लहान पडली, हा गैरसमज इतक्या जणांच्या डोक्यात आहे की त्यावर लिहायलाच हवं.

टेलिफोनच्या साध्या पद्धतीत आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक माप ८ बिटांत लिहितात, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. दर २० मिलिसेकंदांचा आवाज एका पाकिटात भरतात. सेकंदाला ५० पाकिटं, प्रत्येकात १६० बाइट (एक बाइट म्हणजे ८ बिट) आवाज आणि ४० बाइट पत्त्याची माहिती. सगळे मिळून ८० किलोबिट. मित्राच्या १० एमबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १०,००० किलोबिटच्या लाइनवर असे शंभरेक कॉल सहज मावतील. अंतराचंही ओझं नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात सुमारे २०० किलोमीटर जातो.

मग तुटतं कुठे? साखर कारखान्याची गव्हाण आठवा. ऊसगाड्या येतात त्या झुंडीनं, कधी दहा एकदम, कधी बराच वेळ एकही नाही. गाळप तर थांबता कामा नये. म्हणून बाहेर गाड्या उभ्या असतात आणि गव्हाणीत ऊस एकसारखा पडत राहतो. फोनच्या आतही असाच गाडीतळ असतो, त्याला जिटर बफर म्हणतात. आलेली पाकिटं तो काही मिलिसेकंद थोपवतो आणि ठोक्याला एकेक सोडतो. तळ मोठा केला तर बोलणं रेंगाळतं. एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असावा, अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. तळ लहान ठेवला तर उशिरा आलेलं पाकीट फेकून द्यावं लागतं, कारण त्याची बोलायची वेळ निघून गेलेली असते. ते फेकलेलं पाकीट म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी तूट.

आता दुपारचं गणित. तेव्हा हिशेबाचा बॅकअप वर चढत असतो. राउटरच्या रांगेत १ मेगाबाइट साचलं, तर १० एमबीपीएसच्या वाटेनं ते सरायला ०.८ सेकंद लागतात, आणि आवाजाचं चिमुकलं पाकीट त्यामागे ताटकळतं. मोठ्या लाइनवर रांग लवकर सरेल, पण दरमहा पैसे मोजून. फुकटचा उपाय राउटरच्या सेटिंगमध्ये आहे. अपलोड ९ एमबीपीएसवर बांधायचं, म्हणजे रांग इंटरनेट कंपनीच्या यंत्रात न लागता आपल्या राउटरमध्ये लागते, आणि तिथे आवाजाला पुढे काढता येतं. या सोयीला क्यूओएस म्हणतात.

गडहिंग्लजला राउटर वास्तूच्या सल्ल्यानं ईशान्य कोपऱ्यात, लोखंडी कपाटामागे होता. रेडिओलहरींना शुभ दिशा नसते, लोखंड मात्र त्यांना अडवतं. वायफायवर हरवलेलं पाकीट पुन्हा पाठवलं जातं आणि उशीर वाढतो. फोन वायरीनंच जोडावेत.

शाखांचे फोन एकमेकांना जोडून देणाऱ्या एक्स्चेंजलाही खर्च नको. अमेरिकी प्रोग्रामर मार्क स्पेन्सर यांना स्वतःच्या छोट्या कंपनीसाठी एक्स्चेंज परवडेना, म्हणून त्यांनी १९९९ मध्ये अॅस्टरिस्क हे एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लिहिलं. ते मोफत आहे, जुन्या संगणकावर चालतं. शाखा मात्र व्हीपीएननं, म्हणजे इंटरनेटमधल्या कुलूपबंद खासगी वाटेनं जोडा, एक्स्चेंज उघड्या इंटरनेटवर ठेवू नका.

मित्रानं लाइन तीच ठेवली. काल बॅकअप चालू असतानाच त्यानं गडहिंग्लजला भाव विचारला. "काय म्हणालास?" असं एकदाही म्हणावं लागलं नाही.