ड्रीमर दोन, दिलासा एकालाच

न्यू जर्सीतल्या भावाशी बोलताना "लेक एकवीसची होतेय" असं वाक्य आलं, की इकडून आपण "वा, पार्टी कधी?" म्हणतो आणि पलीकडे कुणी काही बोलत नाही. मग कधीतरी 'ड्रीमर्सना दिलासा' असा मथळा दिसतो आणि आपण तो लगेच फॅमिली ग्रुपवर टाकतो. लेकीचं काम झालं! झालेलं नसतं. तो दिलासा दुसऱ्या मुलांसाठी असतो.

'ड्रीमर' हा शब्द आला ड्रीम ॲक्टवरून. डिक डर्बिन आणि ऑरिन हॅच, एक डेमोक्रॅट तर दुसरे रिपब्लिकन, यांनी २००१ मध्ये अमेरिकेच्या सिनेटमध्ये मांडलेलं हे विधेयक. आईबापांच्या बोटाला धरून कागदपत्रांशिवाय आलेली किंवा व्हिसा संपल्यावरही तिथेच वाढलेली मुलं त्यात अभिप्रेत होती. डिसेंबर २०१० मध्ये ते सिनेटमध्ये पुढे सरकायला ६० मतं हवी होती, मिळाली ५५. मग १५ जून २०१२ ला ओबामांनी 'डाका' योजना जाहीर केली (मराठीत हे नाव वाचताना दरोडाच आठवतो, त्याला इलाज नाही). तिच्यात ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, नाही. दोन-दोन वर्षांपुरती हद्दपारी टळते आणि कामाचा परवाना मिळतो, इतकंच.

आपल्या भाच्या-पुतण्या बहुतेक दुसऱ्या गटातल्या. त्यांना 'डॉक्युमेंटेड ड्रीमर' म्हणतात. बाप किंवा आई एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मूल त्यांच्यावर अवलंबून म्हणून एच-४ वर, पासपोर्टवरचा प्रत्येक शिक्का चोख. अडचण ग्रीन कार्डाच्या रांगेची आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला सुमारे १,४०,००० आणि त्यात नवरा-बायको-मुलंही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण ७ टक्के, मग तो देश भारत असो की आइसलँड. त्यामुळे भारतीयांची रांग दशकांची होते आणि मूल एकविसाव्या वर्षी आईबापांच्या अर्जातून गळतं. २००२ च्या एका कायद्याने थोडी सवलत दिली, पण ती नोकरी देणाऱ्या कंपनीने केलेला अर्ज सरकारी टेबलावर पडून राहिला तेवढ्या काळाची. रांगेत गेलेली वर्षं वयातून वजा होत नाहीत.

मग या मुलांनी 'डाका' का घेऊ नये? कारण त्याची एक अट अशी, की १५ जून २०१२ ला अर्जदाराकडे वैध दर्जा नसावा. म्हणजे ज्यांच्या आईबापांनी प्रत्येक फॉर्म वेळेवर भरला, त्यांची मुलं त्याच कारणाने बाद. तसंही टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर 'डाका'चे नवे अर्ज मंजूर होणं थांबलं.

चळवळींतही तोच फरक. पहिल्या गटाने भीती झुगारून रस्ता धरला. २०१० मध्ये चार विद्यार्थी मायामीहून वॉशिंग्टनपर्यंत चालत गेले. दुसऱ्या गटाला 'इम्प्रूव्ह द ड्रीम' या संघटनेने आवाज दिला, तोही मुख्यतः खासदारांच्या कचेऱ्यांमधून. याच मुलांसाठीचं 'अमेरिकाज चिल्ड्रन ॲक्ट' हे विधेयक २०२१ मध्ये आलं, कायदा काही झाला नाही. त्याच वर्षी प्रतिनिधीगृहाने २२८ विरुद्ध १९७ मतांनी एक विधेयक मंजूर केलं, ज्यात दोन्ही गटांना जागा होती. ते सिनेटमध्ये अडकलं. म्हणून "आम्ही रांगेत राहिलो, ते घुसले" ही आपल्या मंडळींची भाषा मला कोती वाटते. तीन वर्षांच्या पोराने ना रांग निवडली, ना कुंपण.

एकविशी उलटल्यावर बहुतेकांना उरतो विद्यार्थी व्हिसा. तो मागताना मुलीला सांगावं लागतं, की माझं घर भारतात आहे आणि शिकून मी तिथे परत जाणार. त्या घरी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत दोन-तीनदा आलेली असते.