सोलापुरात मेडिकल टाकायचंय? लायसनचा अर्ज, पात्रता, कागदपत्रं आणि नंतरच्या फायली

मेडिकल टाकायचं म्हटलं की आपल्याकडं पहिली धावपळ गाळ्यासाठी. सिव्हिलजवळ मिळतोय का, नाहीतर सात रस्ता, नाहीतर मग जुळे सोलापूर, आणि लायसनचं काय, ते बघू की नंतर. असं करू नका. टोकन द्यायच्या आधी टेप घेऊन गाळ्यात जावा. रिटेलला कमीत कमी १० चौरस मीटर जागा लागते आणि इथले कितीतरी गाळे दहा बाय दहाचे असतात, म्हणजे १०० स्क्वेअर फूट, म्हणजे ९.२९ चौरस मीटर. बसत नाही! दहा बाय अकरा असला तर बसतो. रिटेल-होलसेल दोन्ही एकाच जागेत करायचं असेल तर १५ चौरस मीटर.

दुसरी अट फार्मासिस्टची. मालक स्वतः फार्मासिस्ट असलाच पाहिजे असं काही नाही, पण दुकानात रजिस्टर्ड फार्मासिस्ट पाहिजे, महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलची नोंदणी आणि ती रिन्यू केलेली. डीफार्म झालंय पण नोंदणी व्हायचीय, हे चालत नाही. आणि सर्टिफिकेट भाड्यानं घेऊन भिंतीवर टांगायचं आणि काउंटरवर भाच्याला बसवायचं ही जी पद्धत आहे ना, त्या नादाला लागू नका. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे डॉक्टरच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनंच द्यायचंय.

अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडं, ऑनलाइन. अर्जाचा नमुना १९, आणि लायसन मिळतं ते फॉर्म २० आणि २१ मधे. २१ म्हणजे लस, इन्शुलिन वगैरे, औषध नियमांतल्या शेड्यूल सी, सी-१ या याद्यांतला माल, बाकी नेहमीचा माल २० मधे. प्रत्येकी १५०० प्रमाणे दोन्हीची फी ३००० रुपये.

कागदपत्रांत जागेचा नकाशा, जागा स्वतःची असेल तर मालकीचा पुरावा, भाड्याची असेल तर करार (लिव्ह अँड लायसन्स असेल तर रजिस्टर केलेलाच, महाराष्ट्रात ते सक्तीचं आहे), महापालिकेची टॅक्स पावती, फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन, त्याचं नेमणूक पत्र आणि संमती, फ्रिजचं बिल, मालकाचं ओळखपत्र, भागीदारी असेल तर डीड. यादी सोपी हाय, अडतं ते पत्त्यावर. टॅक्स पावतीवर जुना घर नंबर, करारात नवीन, नकाशावर नुसतं पेठेचं नाव, आणि आधारवर तिसरंच काहीतरी. सगळीकडं एकच पत्ता करून घ्या आणि मगच अपलोड करा. नंतर ड्रग इन्स्पेक्टर येऊन जागा, फ्रिज, फार्मासिस्ट बघतात. फ्रिजला २ ते ८ डिग्री टेम्परेचर लागतं, आणि सोलापूरचा एप्रिल-मे आणि मधेच जाणारी लाइट बघता इन्व्हर्टरचा खर्च आधीच धरा.

लायसन हातात आलं की लोक पेढे वाटून मोकळे होतात. खरं काम पुढंच असतं, कारण नंतरच्या तपासणीत रॅकबरोबर फायलीही उघडल्या जातात. खरेदीची बिलं नियमाप्रमाणे तारखेच्या क्रमानं लावायची आणि प्रत्येकावर आपला अनुक्रमांक टाकायचा. बहुतेक जण डिस्ट्रिब्युटरप्रमाणे वेगळ्या फायली करतात, हिशोबाला बरं पडतं म्हणून, पण डिस्ट्रिब्युटरप्रमाणे बघायला सॉफ्टवेअर आहेच की, कागद तारखेनंच ठेवा. माल उतरला, बॅच आणि एक्सपायरी ताडून बघितली की तिथंच बिलाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं नंबर, आणि लगेच फायलीत. आणि ओरिजिनल बिलं जीएसटीवाल्याकडं पाठवू नका, तिथल्या गठ्ठ्यात गेलेलं बिल नेमकं पाहिजे तेव्हा सापडत नाही, त्यांना स्कॅन द्या.

शेड्यूल एच-१ म्हणजे चिठ्ठीवरच्याच, पण जास्त कडक नोंदीच्या औषधांची यादी, तिचं रजिस्टर वेगळं. २०१४ च्या मार्चपासून हे लागू आहे. सेफिक्झाइम, अल्प्राझोलाम असली औषधं दिली की डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं हे त्याच वेळी लिहायचं. रात्री दुकान बंद करताना आठवून आठवून लिहिलेलं रजिस्टर लगेच ओळखू येतं, एकाच शाईत एकाच हातानं पंधरा ओळी! हे ३ वर्षं ठेवायचं. बाकीची रजिस्टरं शेवटच्या नोंदीपासून किमान २ वर्षं. जीएसटी नंबर असेल तर त्याचे हिशोब वार्षिक रिटर्नच्या ड्यू डेटपासून ७२ महिने. आता कुठलं दोनचं, कुठलं तीनचं हे लक्षात ठेवत बसण्यापेक्षा सरसकट सात-आठ वर्षं ठेवा, वर्षाचा एक खोका, बाहेर मार्करनं साल, आणि माळ्यावर ठेवणार असाल तर पत्र्याखाली नको, पावसाळ्यात गळतं.

एक्सपायरी झालेला माल परत जाईपर्यंत वेगळ्या डब्यात, वर 'विक्रीसाठी नाही' लिहून. विक्रीच्या रॅकमधे एक स्ट्रिप जरी सापडली तरी उत्तर देणं अवघड जातं.

लायसन २०१७ च्या बदलानंतर मुदतीचं राहिलं नाही, पण दर ५ वर्षांनी रिटेन्शन फी, म्हणजे लायसन चालू ठेवायची फी, भरावी लागते. चुकली तर महिन्याला २ टक्के लेट फी, तीही सहाच महिने, त्यानंतर लायसन रद्द झालं असं धरतात. त्यामुळं तारीख मोबाईलच्या कॅलेंडरमधे टाकाच.

भागीदार बदलला तर जुनं लायसन ३ महिनेच चालतं, तेवढ्यात नवीन काढायचं. फार्मासिस्ट सोडून गेला तर एका महिन्याच्या आत कळवायचं, पण महिना मिळाला म्हणजे तेवढे दिवस फार्मासिस्टशिवाय चिठ्ठीवरची औषधं विकायला मोकळीक मिळाली असं कुणी समजू नये. दुसरा माणूस आधी बघून ठेवा, जुन्याचं राजीनामापत्र आणि नव्याचं नेमणूक पत्र एकाच फायलीत लावा, आणि पोर्टलवर बदल टाकल्याची पोच प्रिंट काढून लायसनच्या मागं जोडा.