आयएसबीएनचा अर्ज अडतो तो कॉपीराइटच्या पानावर

पुस्तक लिहून झालं, मुद्रितशोधन झालं आणि स्वतःच छापायचं ठरलं, की पहिलं सरकारी काम निघतं ते आयएसबीएनचं, म्हणजे पुस्तकाच्या १३ अंकी ओळख-क्रमांकाचं. भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी देते. ही एजन्सी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. अर्ज तिच्या पोर्टलवर ऑनलाइन करायचा असतो आणि शुल्क शून्य आहे, अगदी खरोखर शून्य. ‘दोन दिवसांत आयएसबीएन’ म्हणून पैसे मागणारे एजंट एकतर हाच मोफत अर्ज तुमच्या वतीने भरतात, नाहीतर दुसऱ्याच प्रकाशकाच्या वाट्याचा क्रमांक तुमच्या हातात ठेवतात. दुसरा प्रकार जास्त वाईट. १३ अंकांपैकी काही अंक प्रकाशकाची ओळख सांगतात. त्यामुळे तुमच्या पुस्तकाचा प्रकाशक म्हणून कायम त्याचीच नोंद राहते.

क्रमांक पुस्तकाला मिळतो. दैनंदिनी, दिनदर्शिका, जाहिरातीची पुस्तिका यांना मिळत नाही. दरवर्षी निघणारा दिवाळी अंक नियतकालिकात मोडतो, त्याला आयएसएसएन हा नियतकालिकांचा क्रमांक लागतो आणि तो वेगळ्या कार्यालयातून घ्यायचा असतो. हे माहीत नसल्याने दर वर्षी कुणी ना कुणी चुकीच्या दारात उभं असतं.

नाव, नाव आणि नाव

पोर्टलवर खातं उघडतानाच ठरवायचं असतं: लेखक म्हणून अर्ज करायचा की प्रकाशक म्हणून. एखाद-दुसरं पुस्तक स्वतः काढणाऱ्याने लेखक म्हणूनच करावा. घोळ होतो तो घराच्या किंवा नातवंडाच्या नावावरून ठेवलेल्या ‘अमुक प्रकाशन’मुळे. खातं लेखकाचं, ओळखपत्र लेखकाचं आणि पुस्तकावर मात्र प्रकाशक म्हणून भलतंच नाव, ज्याचा एकही नोंदणीचा कागद नाही. असा अर्ज अडणारच. ते नाव हवंच असेल, तर आधी त्या नावाने रीतसर नोंदणी करा, मग प्रकाशक म्हणून खातं उघडा. त्यासाठी कोणते कागद चालतात, ती यादी पोर्टलवरच बघा, ओळखीच्या माणसाच्या आठवणीवर जाऊ नका. एवढं करायचं नसेल, तर ‘प्रकाशक’ या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहा. त्यात कमीपणा काही नाही.

नावाचा दुसरा गोंधळ ओळखपत्राचा. आधारवर वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव असतं, मुखपृष्ठावर नुसती आद्याक्षरं असतात, लग्नाआधीच्या नावाने लिहिणाऱ्या बाईंच्या पॅनवर सासरचं आडनाव असतं. टोपणनावाने लिहायला कुणाची मनाई नाही, पण अर्जदार हा ओळखपत्रावरचाच माणूस असावा लागतो. मुखपृष्ठावर टोपणनाव ठेवा. आत ‘प्रकाशक’ म्हणून मात्र ओळखपत्रावर आहे तसंच नाव छापा, एकाही अक्षराचा फरक न करता. अर्ज इंग्रजीत असल्याने शीर्षक रोमन लिपीत लिहावं लागतं. तिथे शीर्षकाचं भाषांतर करू नका, उच्चार लिहा, आणि तेच स्पेलिंग पुढे प्रत्येक ठिकाणी ठेवा.

ते एक पान

ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठ, नामपृष्ठ हे सगळं सगळ्यांकडे असतं. नसतं ते नामपृष्ठाच्या पाठीमागचं, कॉपीराइटचं पान. ‘ते छापताना प्रेसवाला टाकेल’ या भरवशावर माणसं अर्ज भरायला बसतात आणि तिथेच अडकतात. हे पान अर्जाआधी तयार हवं. त्यावर पुस्तकाचं नाव, © चिन्हापुढे वर्ष आणि हक्कधारकाचं नाव, आवृत्ती, प्रकाशकाचं नाव व पूर्ण पत्ता, मुद्रक, किंमत आणि आयएसबीएनसाठी मोकळी जागा एवढं असलं की पुरे. पान तयार झाल्यावर ते स्वतः वाचा. अक्षरजुळणी करणारा बहुतेक वेळा मागच्या कामाची फाइल उघडून तिच्यावरच तुमचा मजकूर बसवतो, आणि खाली कोपऱ्यात दुसऱ्याच कुणाचा पत्ता किंवा ‘तिसरी आवृत्ती’ तशीच राहून जाते.

बाकी अर्ज सोपा आहे. रकाने भरायचे, फाइली जोडायच्या, पाठवायचं. क्रमांक हातात येईपर्यंत मुखपृष्ठ छापायला देऊ नका, आणि प्रकाशन समारंभाची तारीख तर मुळीच ठरवू नका. पाहुणे ठरले म्हणून सरकारी काम लवकर होत नाही.

किती क्रमांक मागायचे हेही आधी ठरवा. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी आणि ई-पब (ई-बुकची फाइल) यांना प्रत्येकी वेगळा क्रमांक लागतो. मजकूर बदललेली नवी आवृत्ती आणि अनुवाद यांनाही वेगळा लागतो. नुसत्या पुनर्मुद्रणाला, किंमत बदलल्यास किंवा मुखपृष्ठाचं चित्र बदलल्यास जुनाच चालतो. फक्त किंडलवर ई-बुक टाकायचं असेल तर आयएसबीएनची सक्ती नाही, तिथे अॅमेझॉन स्वतःचा एएसआयएन हा ओळख-क्रमांक देतं. अॅमेझॉनच्याच केडीपी या स्वप्रकाशनाच्या सेवेवर छापील पुस्तकासाठी मिळणारा मोफत आयएसबीएन मात्र तिथल्यापुरताच असतो. तो घेऊन बाहेरच्या प्रेसमध्ये प्रती काढायच्या नाहीत.

मिळालेला क्रमांक हाताने टाइप न करता कॉपी करा. शेवटचा अंक तपासणीचा असतो: अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून येणाऱ्या बेरजेला १० ने भाग गेला पाहिजे. एक अंक चुकला तर यात पकडला जातो. पण शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यात ५ चा फरक असला, म्हणजे १६ चे ६१ किंवा २७ चे ७२ झाले, तर चूक पकडली जात नाही. बारकोड बिनतक्रार तयार होतो आणि हजार प्रतींवर चुकीचा क्रमांक छापला जातो.

हक्क आणि नोंदणी

आयएसबीएन मिळाला म्हणजे कॉपीराइट मिळाला, हा समज काही केल्या जात नाही. आयएसबीएन ही पुस्तकाची ओळख आहे. कॉपीराइट तर लिहिल्याबरोबरच तुमचा होतो. कॉपीराइट कार्यालयातली नोंदणी ऐच्छिक असते, वाद झाला तर पुरावा म्हणून ती कामी येते. साहित्यकृतीसाठी ५०० रुपये शुल्क आणि नमुना १४. डायरी क्रमांक, म्हणजे अर्जाचा नोंद क्रमांक, मिळाल्यावर ३० दिवस थांबावं लागतं. ही मुदत इतरांना हरकत घेण्यासाठी असते. ३१ व्या दिवशी प्रमाणपत्र येतं असा तिचा अर्थ नाही. त्यानंतर तपासणी होते, त्रुटीचं पत्र येऊ शकतं, आणि त्याला दिलेल्या मुदतीत उत्तर गेलं नाही तर अर्ज बारगळतो. म्हणून अर्जात रोज बघता तोच ईमेल द्या, सायबर कॅफेवाल्याचा नको.

मराठीत एक जुनी रीत आहे: लेखक स्वतः, पण © पत्नीच्या नावाने. भावना चांगली आहे, पण नुसतं छापून हक्क जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी आणि सहीचा लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरतात. कागद नसेल तर नोंदणीच्या वेळी लेखक एक आणि हक्कधारक दुसरा असं दिसतं आणि प्रश्न सुरू होतात. मुखपृष्ठाच्या चित्राचंही तेच. ते चित्रकाराचं काम आहे, त्याची लेखी संमती आत्ताच घेऊन ठेवा, कारण नंतर फोन लागत नाहीत.

छापून झाल्यावर

१९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशनानंतर ३० दिवसांत स्वखर्चाने ४ प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. प्रकाशक तुम्हीच, त्यामुळे ही जबाबदारीही तुमचीच. कोलकात्याला चांगल्यात चांगल्या कागदाची, नीट बांधलेली प्रत जायला हवी. बाकी तिघांना विक्रीची साधी प्रत चालते. दंड ५० रुपयांपर्यंत आणि वर पुस्तकाच्या किमतीइतका, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण पुढे कुणाला तुमचं पुस्तक शोधायचं असेल तर ते बहुधा याच कपाटांत सापडेल. प्रती स्पीड पोस्टाने पाठवा, आणि पावत्यांचे फोटो काढून ठेवा, कारण पावतीवरची शाई वर्षभरात उडते.