अ‍ॅटलास, रॅले, हिंद... आपण शिकलो त्या सायकली बनवणारे कुठे गेले?

3 जून हा जागतिक सायकल दिवस. 2020 साली नेमक्या त्याच दिवशी दिल्लीजवळ साहिबाबादला अ‍ॅटलासच्या कारखान्यातले कामगार ड्युटीवर आले तर गेटवर नोटीस, की कंपनीकडे कच्चा माल घ्यायलाही पैसे नाहीत, आजपासून ले-ऑफ, फक्त रोज येऊन हजेरी लावून जा. लॉकडाऊनमधून नुकतीच कामं सुरू होत होती तेव्हाची गोष्ट. अ‍ॅटलासचं मलनपूरचं युनिट 2014 ला बंद झालेलं, सोनिपतचं मूळचं 2018 ला, हे शेवटचं मोठं राहिलं होतं तेही गेलं. ती बातमी वाचून मी बराच वेळ गप्प बसून होतो, कारण आमच्या घरात बाबांची अ‍ॅटलासच होती, बावीस इंची, काळी, पुढच्या बिल्ल्यावर खांद्यावर पृथ्वी घेतलेला माणूस. लहानपणी तो माणूस म्हणजे सायकलवाल्यांचा कुणीतरी देव असणार असं मला खरंच वाटायचं.

आता थोडं मागे जाऊ. स्वातंत्र्याच्या आधी आपल्याकडे सायकल म्हणजे विलायतेची, रॅले, हंबर, बीएसए, हर्क्युलिस, फिलिप्स. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास इथे थोडे कारखाने निघाले, त्यातला एक आपल्या मुंबईत वरळीला, हिंद सायकल्स. खरा जोर मात्र स्वातंत्र्यानंतर आला, बाहेरच्या मालावर बंधनं आली आणि सायकल इथेच बनवायची असं सरकारी धोरण ठरलं. मग इंग्लिश कंपन्याच भागीदार घेऊन इकडे आल्या, बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले, मद्रासला 1949 मध्ये टीआय सायकल्स (हर्क्युलिस, फिलिप्स, बीएसए ही नावं तिथूनच). 1951 मध्ये जानकी दास कपूर यांनी सोनिपतला अ‍ॅटलास काढली, पहिल्याच वर्षी बारा हजार सायकली. 1956 ला लुधियानात मुंजाल बंधूंची हीरो. लुधियानाची गंमत अशी की तिथे गल्लीगल्लीत छोटे वर्कशॉप, कुणी फक्त रिम, कुणी फक्त पेडल, कुणी फक्त घंटी, आणि त्या जोरावरच सायकल इतकी स्वस्त पडायची.

पण सगळे मिळून बनवत काय होते, तर तीच एक इंग्लिश धाटणीची काळी रोडस्टर. सळईचे ब्रेक, म्हणजे हँडलखालचा लिव्हर दाबला की सळई वर ओढली जायची आणि रबराचे गट्टू रिमला खालून चिकटायचे, वायर-बियर काही नाही. चेनला अख्खं कव्हर, मागे कॅरियर, त्यावर गॅसची टाकी काय, दुधाचे कॅन काय, दोन पोरं काय. एक पाना आणि पंक्चरची पेटी असली की कुठल्याही गावात दुरुस्त. लहान मुलांसाठी वेगळी सायकल ही पैसेवाल्यांची चैन, बाकीचे आपण सगळे मोठ्यांच्याच सायकलवर शिकलो. डावा हात हँडलला, उजव्या बगलेत सीट दाबलेली, उजवा पाय दांडीखालून पलीकडच्या पेडलवर आणि हाफ पेडल मारत मारत वाकडं वाकडं पुढे. मग कधीतरी दांडीवर, आणि पाय पुरायला लागले की सीटवर, ते तर प्रमोशनच! घरची मिळाली नाही तर कोपऱ्यावरच्या दुकानातून तासावर घ्यायची, दुकानदार वहीत नाव आणि टाइम लिहून घ्यायचा आणि पाच मिनिटं उशीर झाला की धाकधूक.

रंग आला तो नंतर, बीएसए एसएलआर, हीरो रेंजर, एमटीबी (म्हणजे जाड टायरची माउंटन बाइक), मुलींची लेडीबर्ड. ऐंशी-नव्वदच्या पोरांसाठी क्लासिक म्हणजे ह्या.

पडझड मात्र त्याच्या आधीच सुरू झालेली, हे लोकांच्या लक्षात नसतं. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले दोन्ही इतक्या अडचणीत आल्या की 1980 मध्ये खास कायदा करून सरकारने त्या ताब्यात घेतल्या, तरी सावरल्या नाहीत आणि शेवटी बंदच पडल्या. इकडे रस्ता बदलत होता. पुण्यात 1972 ला लुना आली आणि जो कारकून, जो मास्तर सायकलवर जायचा तो हळूहळू मोपेडवर गेला, मग स्कूटरवर. ज्या पुण्याला सायकलींचं शहर म्हणायचे तिथेच हे झालं, मला ते आजही लागतं. हीरोवाल्यांनी 1984 मध्ये होंडाबरोबर मोटरसायकल काढायला घेतली आणि 1986 मध्ये जगात सगळ्यात जास्त सायकली बनवणारी कंपनी म्हणून त्यांचं नाव गिनीज बुकात आलं, म्हणजे सायकल शिखरावर होती तेव्हाच तिची जागा घेणारी गाडी त्याच घराण्यातून बाहेर पडत होती. ज्यांना हे जमलं ते टिकले.

1991 नंतर बाहेरचे गिअर, हलक्या फ्रेम, नवे ब्रँड आले. हौसेने सायकल घेणारा तिकडे वळला, आणि साधी सायकल बऱ्याच अंशी सरकारी योजनांवर राहिली, जसं आपल्याकडे मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली मिळतात. ह्या योजनेबद्दल मला फार आदर आहे, लांबच्या वस्तीवरची मुलगी शाळेत टिकते ती अशा सायकलमुळे. पण ज्या कंपनीचं नाव घराघरात होतं तिला तेवढ्यावर उभं राहणं अवघड.

अ‍ॅटलासने 1982 च्या दिल्ली एशियाडला सायकली पुरवल्या होत्या. बाबांनी तेव्हाच कधीतरी आपली सायकल ओव्हरहॉलिंगला टाकली, छर्रे बदलले, चाकाचा आऊट काढला (म्हणजे वाकडं फिरणारं चाक सरळ केलं), मडगार्डला नवा काळा रंग मारून आणला. ती माळ्यावर आहे अजून, मागचं चाक आजही हाताने फिरवलं की टिकटिक करत बराच वेळ फिरतं.