बेल्ट घसरतोय म्हणून स्क्रू फिरवण्याआधी
एटीव्ही (कच्च्या रस्त्यावरची, हँडलची चारचाकी) आणि साइड-बाय-साइड (तशीच, पण स्टीअरिंग आणि शेजारी-शेजारी सीट असलेली) गाड्यांच्या ग्राहकांसाठी

पाऊस उघडला, मुळशी-पानशेतकडची फार्महाउस गजबजायला लागली की आमच्याकडे एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. गाडी चढाला ओढत नव्हती, इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा बेल्ट घसरत होता, म्हणून कोणीतरी स्क्रू फिरवून तो "जरा टाइट" केला. आता गिअर टाकला की कडकड वाजतं आणि ब्रेक सोडला की गाडी आपोआप पुढे सरकते. टाइट करणारा माणूस बहुतेक वेळा स्कूटरचा चांगला मेकॅनिक असतो. घोटाळा नेमका तिथेच होतो.

बिनगिअरची स्कूटर पुण्याला नवी नाही. कायनेटिक होंडाच्या काळापासून गल्लोगल्ली तिचे बेल्ट बदलले जातात. पण स्कूटरचा क्लच मागच्या पुलीपाशी वेगळा असतो. इंजिन चालू झालं की बेल्ट फिरायला लागतो आणि स्कूटर मात्र जागेवर उभी राहते. पोलारिस कंपनीच्या बहुतेक एटीव्हींमध्ये असा वेगळा क्लच नसतो. इंजिनावरची पुढची पुली, म्हणजे प्रायमरी, हाच क्लच. आयडलला, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असताना, तिचे दोन्ही भाग उघडे असतात आणि बेल्ट मध्ये सैल, बिनकामाचा थांबलेला असतो. रेस दिली की आतली वेट, म्हणजे वजनं, बाहेर फेकली जातात, पुली मिटते आणि बेल्ट पकडते. तेव्हा इथे उभ्या गाडीचा बेल्ट सैल दिसणं हा दोष नाही, तो तसाच हवा.
(यामाहाच्या ग्रिझलीसारख्या गाड्यांत तेलातला क्लच वेगळा असतो आणि बेल्ट कायम ताणलेला राहतो. तुमची गाडी तशी असेल तर खालचा मजकूर तुम्हाला लागू नाही.)

आता त्या स्क्रूबद्दल. मागच्या पुलीवर, म्हणजे सेकंडरीवर, लॉकनट लावलेला एक छोटा स्क्रू असतो. काही मॉडेलमध्ये त्याऐवजी पातळ वॉशर असतात. गाडी उभी असताना सेकंडरी किती मिटायची, म्हणजेच बेल्ट तिच्यात किती वर बसायचा, एवढंच तो ठरवतो. गाडी चालायला लागली की बेल्टवरचा ताण सेकंडरीची स्प्रिंग आणि तिच्या आतला तिरका कॅम सांभाळतात. स्क्रूचा त्यात काही हात नाही. चढावर बेल्ट घसरत असेल तर हा स्क्रू कितीही फिरवला तरी ओढ वाढणार नाही. उलट आयडललाच बेल्ट प्रायमरीला घासायला लागतो, त्याच्या कडा काचेसारख्या गुळगुळीत होतात आणि तो आधीपेक्षा जास्त घसरतो. गिअरबॉक्सच्या आतले दात झिजतात तो खर्च वेगळा, आणि बेल्टची किंमत त्यापुढे काहीच नाही.

मग चढाला घसरतो कशाने? सगळ्यात जास्त वेळा हाय, म्हणजे वेगाच्या गिअरमुळे. ताशी दहा-बारा किलोमीटरच्या खाली चालवायचं असेल, चढ असेल, चिखल असेल, ट्रॉली ओढायची असेल तर लो, म्हणजे ताकदीचा गिअर टाका. हायमध्ये दगडाला अडकून रेस देत राहिलात तर प्रायमरी फिरते, बेल्ट जागेवर राहतो आणि एकाच ठिकाणी जळून बारीक होतो. जुना बेल्ट हातात घेतला की ती जागा लगेच दिसते, म्हणून नवा घ्यायला येताना जुना आणा असं आम्ही म्हणतो. दुसरं कारण पाणी. भातखाचरातून गेलात आणि कव्हरमध्ये पाणी शिरलं तर आधी खालचा ड्रेन प्लग उघडा, मग न्यूट्रलमध्ये थोडी रेस देऊन बेल्ट वाळू द्या. तिसरं कारण, पुलीवर लागलेलं तेल किंवा ग्रीस. गंज पकडू नये म्हणून पुलीवर स्प्रे मारणारे ग्राहकही आमच्याकडे येतात. कृपया मारू नका. याशिवाय वेट झिजलेली असतात, स्प्रिंग बसलेली असते. ते पुली उघडल्याशिवाय कळत नाही.

स्क्रू खरंच कधी फिरवायचा?
बेल्ट झिजून अरुंद झाला की तो सेकंडरीत खाली बसतो आणि जास्तच सैल पडतो. गाडी निघताना झटका देते. तेव्हा मोजायचं. इंजिन बंद, चावी काढलेली. दोन्ही पुल्यांवरून बेल्टच्या पाठीवर सरळ पट्टी ठेवा, मधोमध बेल्ट दाबा आणि पट्टीपासूनचं अंतर बघा. जुन्या पोलारिस गाड्यांत ते साधारण २५ ते ३० मिमी असतं. तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये असेल, तोच धरा. स्क्रू आत गेला की पुली फाकते आणि बेल्ट सैल होतो, बाहेर आला की घट्ट. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग न्यूट्रलमध्ये सेकंडरी हाताने चार-पाच वेळा फिरवून बेल्ट बसवा आणि पुन्हा मोजा. कव्हर लावल्यावर सपाट जागेवर आयडलला हाय गिअर टाकून बघा: गिअर न वाजता पडला पाहिजे आणि गाडी जागची हलता कामा नये. आयडलच वाढलेलं असेल तरी गाडी सरकते, तेव्हा ते आधी तपासा.

आमचा सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक यापुढची आहे. जुन्या, झिजलेल्या बेल्टसाठी स्क्रू फिरवलेला असतो. चार महिन्यांनी नवा बेल्ट टाकला जातो आणि स्क्रू तसाच राहतो. नवा बेल्ट रुंद, तो वर बसतो, आणि पहिल्याच दिवशी गिअर कडकडतात. मग "तुमचा बेल्ट खराब आहे" असा फोन येतो. बेल्ट बदलला की अंतर पुन्हा मोजायचंच, आधी कितीही बरोबर असलं तरी.

नुसता बेल्ट विकत न देता आम्ही चार प्रश्न विचारतो, आणि आमच्याकडे बसवून घेतलात तर दोन्ही पुल्या उघडून साफ करतो. त्याची मजुरी वेगळी लागते, आणि नाना पेठेत बेल्ट स्वस्त मिळतो हे आम्हालाही माहीत आहे. पण फुटलेल्या बेल्टचे धागे पुलीत आणि हवेच्या नळीत अडकून राहिले तर नवा बेल्टही फार टिकत नाही. बसवल्यावर पहिले पन्नासेक किलोमीटर हळू चालवा, ट्रॉली जोडू नका.

रिसॉर्टवाल्यांनी दिवाळीच्या बुकिंगआधी गाड्या आणल्या तर एकेक करून निवांत बघता येतात. दिवाळीच्या आठवड्यात रांग असते. गाडी छोट्या हत्तीवर टाकून आणलीत तर चालेल. ज्यांना लांब जंगलात जायचं असतं त्यांच्यासाठी जादा बेल्ट, पुली फाकवायचा बोल्ट आणि अ‍ॅलन की असा संच आम्ही तयार ठेवतो. आणि स्क्रू आधीच कोणी फिरवला असेल तर गाडी देतानाच सांगा. त्याचे जादा पैसे लावत नाही. शोधायला जातो त्या वेळेचे मात्र लावतो.